निळं फूल, खाली कंद: ब्लूबेल, आभाळी की रानकांदा? (सातारा-सांगली परिसर)

पठारी

जुलै उजाडला की कास, ठोसेघर, चाळकेवाडीच्या सड्यांवरचे (कातळी पठारांवरचे) फोटो फिरायला लागतात आणि त्यातल्या कुठल्याही निळ्या फुलाखाली 'कासचा ब्लूबेल' अशी ओळ येते. गेल्या काही दिवसांत याच नावाने फिरणारे चार फोटो बघितले. एक आभाळी होती, एक निळवंती, एक सीतेची आसवे आणि एक चक्क बागेतला आगापँथस. चारही झाडं वेगवेगळी, त्यांच्यापैकी एकालाही कांदा नाही.

म्हणून हा धागा. खरा ब्लूबेल कोणता, आपल्याकडे निळं फूल आणि जमिनीखाली साठा असलेलं काय उगवतं, त्याला मराठीत काय म्हणावं आणि ऑनलाइन विकत मिळणारे 'ब्लू फ्लॉवर बल्ब' साताऱ्यात लावून काही हाती लागतं का, एवढं नीट मांडूया. जाणकारांनी लिहावं. नुसतं 'छान माहिती' नको, नेमकं लिहा.

निळी_शाई

खऱ्या ब्लूबेलपासून सुरुवात करते. शास्त्रीय नाव हायसिंथॉइडीस नॉन-स्क्रिप्टा. पश्चिम युरोपातल्या पानगळीच्या जंगलांतली, कांद्यापासून दरवर्षी उगवणारी वनस्पती. जगातल्या एकूण ब्लूबेलपैकी जवळपास निम्मे एकट्या ब्रिटनमध्ये आहेत असं मानतात. वर झाडांना पालवी फुटून सावली दाट व्हायच्या आत, एप्रिल-मेमध्ये त्याला फुलून घ्यायचं असतं. दांडा टोकाला एका बाजूला झुकलेला, अरुंद नळीसारखी फुलं, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली, आतला पराग मळकट पांढरा, वास गोड.

त्याचा स्पॅनिश भाऊ हायसिंथॉइडीस हिस्पॅनिका. त्याचा दांडा ताठ, फुलं चहूबाजूंनी, घंटा रुंद, पराग निळसर, वास जवळजवळ नाही. पान इंग्लिश ब्लूबेलचं साधारण दीड सेंटिमीटरपर्यंत रुंद, स्पॅनिशचं तीन सेंटिमीटरच्याही पुढे. दोघांचा संकर सहज होतो आणि बागांतून रानात शिरतो, म्हणून तिकडे त्याची काळजी करतात. 1981 च्या ब्रिटिश वन्यजीव कायद्यानुसार रानातला ब्लूबेल उपटायला मनाई आहे.

आता नाव. नॉन-स्क्रिप्टा म्हणजे 'ज्यावर लिहिलेलं नाही'. ग्रीक कथेत हायसिंथस नावाचा तरुण मरतो, त्याच्या रक्तातून फूल उगवतं आणि त्या फुलाच्या पाकळ्यांवर 'आय आय' अशी शोकाची अक्षरं उमटतात. या फुलावर तशी अक्षरं नाहीत, म्हणून ते न लिहिलेलं. शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये त्याला हायसिंथस याच वंशात ठेवलं होतं. नंतर ते सिला वंशात गेलं, मग एंडिमियन वंशात आणि शेवटी हायसिंथॉइडीसमध्ये स्थिरावलं. हायसिंथॉइडीस म्हणजे 'हायसिंथसारखं'. वंश इतक्यांदा बदलला तरी 'न लिहिलेलं' हे विशेषण मात्र आजवर टिकलं. मला या नावातली ही गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

आणखी एक. नुसतं 'ब्लूबेल' म्हटलं तर तिकडेसुद्धा एकमत नाही. स्कॉटलंडमध्ये ब्लूबेल म्हणजे कँपॅन्युला रोटुंडिफोलिया, ज्याला कांदा नसतो. अमेरिकेतला व्हर्जिनिया ब्लूबेल म्हणजे मर्टेन्सिया, टेक्सासचा ब्लूबेल म्हणजे युस्टोमा. तेव्हा कासच्या फुलाला ब्लूबेल म्हणून आपण आधीच्या गोंधळात भर घालतोय.

जेठा_गड्डा

कंद या शब्दाने अर्धा घोळ झालाय. मराठीत जमिनीखाली फुगलेलं जे काही असेल ते कंद. सांगलीकडच्या माणसाला हे समजवायला बाजारातला माल पुरेसा आहे.

कांदा घ्या आणि बुडापासून शेंड्यापर्यंत उभा चिरा. तळाला एक कडक चकती दिसेल, तेच खरं खोड. त्या चकतीवर एकात एक बसलेले मांसल पापुद्रे म्हणजे पानांचे बुंधे. मधोमध पोपटी कोंब. मुळ्या चकतीच्या खालच्या अंगाने निघतात. असं दिसलं तरच बल्ब. लसूण, निशिगंध, रानकांदा, दीपकाडी, ब्लूबेल सगळे याच घरातले.

सुरण चिरा. आत पापुद्रे नाहीत, सगळा एकसंध गर. हा घनकंद. रानात भुईचक्राचा छोटा दाणा असाच भरीव असतो, वर फक्त सुकं साल.

हळदीचा जेठा गड्डा बघा. अंगावर कड्या, कड्यांवर डोळे, बाजूला बगल गड्डे आणि हळकुंडं फुटलेली. हे जमिनीत आडवं वाढणारं खोड. आलं तसंच. आगापँथसचा बुडखाही याच जातीचा, त्याला दुकानदार सर्रास बल्ब म्हणून विकतात.

आणि रताळं. डोळा नाही, कडी नाही, ती फुगलेली मुळी. आभाळीच्या बुडाशी अशाच, पण बोटाएवढ्या लांबट मुळ्यांचा झुबका असतो. म्हणजे आभाळी कंदवर्गीय म्हटली तर चालेल, बल्ब म्हटली तर चूक.

हा फरक पुस्तकी नाही. लावणीची खोली, पाणी तोडायची वेळ, कुजायचं कारण, सगळं यावर ठरतं. कांद्याची तळाची चकती सडली की खेळ संपला, मग वरचे पापुद्रे कितीही टणक असोत. हळकुंडाचा मात्र एक डोळा शाबूत राहिला तरी फुटवा येतो.

केतकी_वाई

जेठा_गड्डा, फार छान समजावलंत. पण सड्यावर तर उकरून बघायचं नाही ना? मग न उपटता कसं ओळखायचं?

पठारी

अगदी बरोबर, उकरायचं नाहीच. गरजही नाही. फूल आणि पान बघितलं की जमिनीखाली काय असणार याचा चांगला अंदाज येतो.

पहिली गोष्ट पाकळ्या मोजा. कांदेवाल्या मंडळींत सहा सारख्या पाकळ्या असतात, तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत. आभाळीला तीनच. केना, निळवंती, आभाळी हे एकाच घराण्यातले, त्या घरात पाकळ्या तीन.

दुसरी गोष्ट पान. कांद्याची पानं जमिनीलगत झुबक्याने येतात आणि फुलाचा दांडा बिनपानाचा, सरळ मधून निघतो. आभाळीलाही तळाशी लांब तलवारीसारखी पानं असतात, इथे फसायला होतं. पण तिच्या फुलाच्या फांदीवरही पानं असतात आणि ती बुंध्याशी फांदीला खोळीसारखी गुंडाळलेली असतात. ती खोळ दिसली की कांद्याचा विचार सोडून द्या.

आभाळी जवळून बघायची तर सकाळी जा. फुलं कोयत्यासारख्या वाकड्या हिरव्या छदांच्या (फुलाखालच्या पानांसारख्या आवरणांच्या) दोन रांगांमधून डोकं काढतात, एका वेळी दोन-तीन. उन्हं चढली की मिटतात, दुपारी गेलात तर सुकलेला चोथा दिसेल. भिंग असेल तर पुंकेसरांकडे बघा. सहा पुंकेसर, प्रत्येकाच्या दांडीवर निळ्या-जांभळ्या केसांची दाट झालर, आणि टोकाला पिवळा ठिपका. तो एकेक केस म्हणजे मण्यांची माळ असते, एकापुढे एक पेशी ओवलेली. धुकं असेल तर त्या केसांत पाण्याचे थेंब अडकतात आणि मग फूल आहे त्यापेक्षा फिकं दिसतं.

शास्त्रीय नाव सायनोटिस ट्युबरोजा. सायनोटिस म्हणजे 'निळा कान', पाकळीच्या आकारावरून. ट्युबरोजा म्हणजे फुगीर मुळ्यांची. नावातच सगळं सांगितलंय. आणि मराठी 'आभाळी' हे नाव रंगावरून इतकं चपखल आहे की त्याच्या जागी ब्लूबेल म्हणावंसं का वाटतं हेच कळत नाही.

सीतेच्या आसवांबद्दलही इथेच सांगतो. ती युट्रिक्युलारिया, कीटकभक्षी. पाणथळ कातळावर वीतभर दांडी, फुलाला खालचा ओठ मोठा आणि मागे टोकदार शुंड, म्हणजे शेपटीसारखी नळी. जमिनीत कांदा तर नाहीच, खऱ्या मुळ्यासुद्धा नाहीत, किडे पकडणाऱ्या बारीक पिशव्या आहेत.

काळी_माती

फोटोबद्दल थोडं लिहितो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

मोबाइल जांभळ्याला निळं करतो. भर उन्हात तर हमखास. फुलावर अंगाची सावली धरा, शेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवून एक फोटो घ्या. नंतर कागद पांढरा दिसेपर्यंत रंग दुरुस्त केला की फुलाचा खरा रंग कळतो.

फूल समोरून, फूल बाजूने, पान बुंध्यासह, अख्खं झाड आणि आजूबाजूची जमीन, एवढे पाच फोटो हवेत. एकात तरी नाणं किंवा पट्टी असू दे. नुसतं फुलाचं तोंड दाखवणाऱ्या फोटोवरून जात सांगता येत नाही, मग लोक अंदाज ठोकतात आणि तोच अंदाज पुढे 'माहिती' म्हणून फिरतो. तारीख आणि वेळ लिहा. कातळ, डबकं, गवत की जंगलाची कड, तेही लिहा. झुडपात वाकताना पाय कुठे पडतोय ते बघा, सड्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो, तो एकदा टाचेने खरवडला की पावसात वाहून जातो.

निळी_शाई

नावांचा विषय निघालाच आहे तर दीपकाडीबद्दल लिहायलाच हवं. पावसाच्या सुरुवातीला गवतात सरळ दांडा, त्यावर फिकट हिरवट-पांढरी, खाली लोंबणारी नळकांडी फुलं. हा आपला अस्सल कांदा. मराठी नाव ऐकलं की वाटतं, दिव्याच्या काडीवरून आलं असणार. पण वंशाचं शास्त्रीय नावच डिपकाडी आहे, आणि ते मुळात पूर्वेकडच्या देशांत मस्कारीला, म्हणजे ग्रेप हायसिंथला म्हणत ते नाव. मस्कारी कसा असतो? निळा! म्हणजे एका निळ्या फुलाचं नाव युरोपात जाऊन भलत्याच वंशाला चिकटलं, आणि ते कानावर पडल्यावर मराठीने त्याला स्वतःचा अर्थ देऊन घरात घेतलं असावं. मला हे नाव चुकीचं अजिबात वाटत नाही. उंच काडीवर लावलेल्या दिव्यासारखं ते फूल दिसतंच.

सिला या नावाचंही असंच. खरे सिला युरोप-आशियातले, बरेचसे निळे. भारतातल्या झाडांवर काम केलेल्या रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या रानकांद्याला सिला इंडिका म्हटलं होतं. पुढे तो अर्जिनिया झाला, आता ड्रिमिया इंडिका आहे. पानांवर जांभळे ठिपके असलेला लहान रानकांदा जुन्या पुस्तकांत सिला हायसिंथिना म्हणून सापडेल, आता तो लेडेबोरिया रिव्होल्युटा. लेडेबोरिया हा वंश रॉथने 1821 मध्ये कार्ल फ्रीडरिश फॉन लेडेबूर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने केला. ही जुनी नावं माहीत नसली तर एकाच झाडाची तीन झाडं समजून माणूस शोधत बसतो.

आणि नावातली चूक कायमची कशी राहते त्याचं उदाहरण म्हणजे सिला पेरुव्हियाना. गर्द निळ्या फुलांचा गोंडा, मोठा कांदा. उगवतो स्पेन, पोर्तुगाल, उत्तर आफ्रिकेत. क्लुसियस या जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो पेरू देशाचा समजला, लिनियसने 1753 मध्ये तेच नाव कायम केलं. वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमांत नुसतं 'अर्थ चुकीचा आहे' एवढ्यावरून नाव बदलता येत नाही, म्हणून आजही पेरुव्हियाना. त्यासमोर आपला वायतुरा ठेवा. अपोनोजेटॉन सातारेन्सिस, नावात सातारा आणि झाडही खरोखर साताऱ्याच्या सड्यांवरचं.

कृष्णाकाठ

माझं मत थोडं वेगळं आहे. सर्वसामान्य माणसाला सायनोटिस, लेडेबोरिया कुठे पाठ होणार? 'निळघंटी' असं एखादं सोपं मराठी नाव ब्लूबेलला द्यायला काय हरकत आहे? लोकांना नाव मिळालं की ते झाडाकडे लक्ष देतात.

पठारी

नाव मिळालं की लक्ष जातं हे खरंच आहे, म्हणून तर आभाळी, निळवंती, वायतुरा ही नावं जपायची. अडचण निळघंटीची वेगळी आहे. जे झाड इथे उगवतच नाही त्याला नवं मराठी नाव दिलं, की ते नाव रिकामं राहत नाही. कुणीतरी ते इथल्या एखाद्या निळ्या फुलाला चिकटवतं. म्हणून परदेशी झाडाला ब्लूबेलच म्हणूया, देवनागरीत लिहूया, आणि सड्यावरच्या झाडाला सड्यावरचं नाव.

नवं नाव द्यायची वेळ आलीच तर आधी त्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात विचारावं. गुरं राखणाऱ्यांकडे, औषधी झाडपाला ओळखणाऱ्यांकडे नाव असतंच. ते टिपताना गावाचं नाव आणि झाडाचे फोटो सोबत ठेवायचे, कारण रानकांदा हेच नाव पाटणकडे एकाला आणि जतकडे दुसऱ्याच झाडाला असू शकतं.

निळी_शाई

स्थानिक नाव शास्त्रीय नावात गेल्याचं चांगलं उदाहरण निळ्या कांद्याचंच आहे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागातला कॅमॅसिया क्वामॅश. तिथल्या नेझ पर्स लोकांचा शब्द वंशाच्या आणि जातीच्या, दोन्ही नावांत आहे. ओल्या माळावर इतका दाट फुलतो की 1806 च्या जूनमध्ये मेरिवेदर लुइस या अमेरिकन शोधप्रवाशाला लांबून ते स्वच्छ पाण्याचं तळं वाटलं होतं. तिथल्या लोकांचं ते मुख्य अन्न. कांदे खड्ड्यात तापल्या दगडांवर झाकून एक-दोन दिवस भाजायचे, त्याने आतल्या इन्युलिन या साठवणीच्या द्रव्याची साखर होते आणि कांदा गोड लागतो.

त्याच माळावर डेथ कॅमस नावाचा विषारी कांदा उगवतो. फूल गळल्यावर दोघांचे कांदे सारखेच दिसतात. म्हणून फुलोऱ्यात असतानाच मलईरंगी फुलांचे विषारी कांदे माळावरून काढून टाकायची त्यांची पद्धत. फूल दिसत असतानाच ओळख पक्की करायची, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

जेठा_गड्डा

हे वाचून कुणी आपल्याकडचे रानकांदे भाजून बघू नका. रानकांद्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, जीव जाऊ शकतो. रस अंगाला लागला तरी खाज सुटते. ब्लूबेलचा कांदाही विषारी, हायसिंथचाही. कळलावीचा कंद तर सगळ्यांना माहीत आहेच. साधी खूण: पान चुरगळल्यावर कांद्या-लसणाचा वास आला नाही तर तो खायचा कांदा नव्हेच. वास आला म्हणून खाण्याजोगा, असं मात्र उलटं समजू नका.

केतकी_वाई

आणि ऑनलाइन विकतात ते निळे बल्ब? 'इंग्लिश ब्लूबेल, 10 कांदे' अशी जाहिरात सारखी दिसते. साताऱ्यात येतील का?

काळी_माती

इंग्लिश ब्लूबेलवर पैसे घालू नका. दोन कारणं.

ब्लूबेलच्या कांद्याला आपल्या कांद्यासारखं सुकं कागदी आवरण नसतं. पाकिटात दोन-तीन आठवडे राहिला की आतून सुकतो. हाताला हलका आणि दाबल्यावर मऊ लागला तर मेलेला समजा. दुसरं, त्याला लांब, ओला हिवाळा लागतो. साताऱ्यात जानेवारीची रात्र गार असते, पण दुपार तापते, जमीन सलग महिने थंड राहत नाही. पान आलं तरी फूल येत नाही, आणि एप्रिलच्या उन्हात कांदा शिजतो. बियाणं घ्यावं तर पेरणीपासून फुलापर्यंत साधारण पाच वर्षं. परदेशातून थेट मागवायचे तर 2003 च्या प्लँट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिथल्या अधिकाऱ्यांचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. विकणाऱ्याकडे त्याची चौकशी करा.

निळं कांद्याचं फूल हवंच असेल तर निळा डच हायसिंथ कुंडीत एका हंगामापुरता जमतो. सप्टेंबरच्या मध्यावर टणक, जड, 15 सेंटिमीटरच्या वर घेर असलेला कांदा घ्या. हातमोजे घाला, खाज येते. भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात 10 ते 12 आठवडे ठेवा, तापमान 5 ते 9 अंश. त्या कप्प्यात सफरचंद, केळी नकोत. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो, त्याने कांद्याच्या आतली कळी मरते, आणि बाहेरून काही कळत नाही. बहुतेकांचं इथेच बिघडतं.

डिसेंबरात बाहेर काढून कुंडीत लावा. निम्मी माती, बाकी जाड वाळू आणि जुनं शेणखत सारखं. कांद्याची मान मातीच्या वर राहू दे. दोन आठवडे घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, कोंब चार-पाच सेंटिमीटर झाला की सकाळच्या उजेडात आणा. पाणी कडेने, मानेत नाही. फूल पानांतच अडकून आखूड राहिलं तर गारवा कमी पडला समजा. पुढच्या वर्षी तोच कांदा आपल्या हवेत क्वचितच फुलतो, नवा आणावा लागतो.

कृष्णाकाठ

मग आभाळीच कुंडीत लावली तर?

काळी_माती

सड्यावरून आणून नाही. राखीव वनातून झाड उपटणं हा 1927 च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कास तर 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग. घरच्या बांधावर उगवली असेल तर तिचं बी धरा. पसरट कुंडी, 15 सेंटिमीटर खोल, तळाला भरपूर भोकं. जांभ्याची खडी आणि लाल माती निम्मी-निम्मी, खत जवळजवळ नाही. जून ते ऑक्टोबर ओल. पानं पिवळी पडली की पाणी पूर्ण बंद, कुंडी पावसापर्यंत कोरडी सावलीत. उन्हाळ्यात दया येऊन पाणी घातलं की झोपलेल्या मुळ्या कुजतात, जूनमध्ये कुंडी रिकामी दिसते.

नवखा_सातारकर

नमस्कार. धागा वाचून विचारतोय. मे महिना, यवतेश्वरच्या वाटेवर उघडा माळ. एकही पान नाही, जमिनीतून सरळ हातभर दांडा, त्यावर विरळ मळकट फुलं, सहा पाकळ्या, लोंबती. संध्याकाळी उशिरा उघडलेली होती. उकरलं नाही. हा निळ्याच्या घरातला का?

पठारी

उत्तम टिपण केलंत, न उकरता सगळं आलं यात. पानाआधी फूल, सहा पाकळ्या, बिनपानाचा दांडा, रात्री उमलणं, उन्हाळ्याचा शेवट: हा रानकांदा, ड्रिमिया इंडिका. रॉक्सबर्गच्या वेळचा सिला, निळी_शाईंनी वर लिहिलाय तोच. पहिल्या पावसानंतर त्याच जागी परत जा. लांब पट्ट्यासारख्या पानांचा झुबका आला असेल, त्याचा फोटो इथे टाका. पानांवर जांभळे ठिपके असतील तर मात्र तिथे लेडेबोरियाही आहे, तेव्हा दांडा नेमका कुठून निघाला होता ते आत्ताच एका दगडाने खूण करून ठेवा.